बोलक्या डब्याचे महाराज

शिंप्याने सोडलेल्या गाळ्यात मुंगी शिरायला जागा नव्हती. समोर उंच खुर्चीवर महाराज. पुढ्यात रेशमी फडक्याखाली डबा, दुकानात पैसे आले की बोलतो ना, तसला. शेजारी स्कॅनरचं कार्ड. खुर्चीमागे पडदा.

"दाखवा फोन, टाका हजार!" महाराज गरजले. "दिल्याशिवाय मिळत नाही आणि मिळाल्याशिवाय राहत नाही!"

चहावाल्याने स्कॅन केलं, हजार पाठवले. डबा म्हणाला, "एक हजार रुपये मिळाले." महाराजांनी डोळे पांढरे केले, हवेत हात फिरवला आणि ओरडले, "दुप्पट हो!"

लगेच डबा बोलला, "दोन हजार रुपये मिळाले."

गाळाभर माणसं शहारली. महाराजांनी चहावाल्याचा फोन बंद करून लाल पिशवीत घातला, वर गाठ मारली. "सोमवारपर्यंत उघडायचा नाही. उजेड लागला की वाढलेलं करपतं."

करपायला पैसे म्हणजे काय कढईतला कांदा?

तेवढ्यात रांगेत आमची धाकटी सून दिसली. लोकांच्या पँटच्या चेनी बदलून, बाह्या आखूड करून तिने स्वतःच्या शिलाई मशीनपुरते पैसे साठवले होते. उद्या मशीन आणायची, तर बाई आज ते सगळे दुप्पट करायला निघालेल्या!

"अगं, भानावर ये."

"आई, डबा खोटं बोलत नाही. तुम्हीच म्हणता ना?"

म्हणते खरी. आमचं इस्त्रीचं दुकान. गिऱ्हाईक फोनवरची हिरवी खूण नाकासमोर नाचवू दे, डबा बोलल्याशिवाय मी शर्ट सोडत नाही. माझं ऐकून ऐकून गल्लीने डब्याला देव केलं, आणि या गृहस्थाने त्याचं आयतं देऊळ थाटलं.

मी शाळेत दोन यत्ता गेले, त्यातली एक बाकावर उभं राहण्यात गेली. पण एवढं कळतं: आमचा डबा 'मिळाले' म्हणतो तेव्हा पैसे माझ्या घरात येतात, शर्टवाल्याच्या नाही. मग हा डबा कुणाचा?

"मी परत येईपर्यंत पैसे टाकलेस तर याद राख," असं धाकटीला बजावून मी दुकानात गेले. आमचा डबा काखोटीला मारला आणि परत येऊन महाराजांपुढे ठेवला.

"हा माझा. याला बोलतं करा."

"माई, त्याच्यात सिद्धी नाही."

"सिद्धी डब्यात आहे की तुमच्या हातात?"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.

"देवाची परीक्षा घेता?"

"देवाची कशाला? तो बिचारा फोन वापरत नाही. तुमची घेते."

"करा की महाराज!" लोकच ओरडायला लागले. नाइलाजाने त्यांनी माझ्या डब्यावर हात फिरवला. "दुप्पट हो!"

माझा डबा ढिम्म. पण पडद्यामागच्याला काय ठाऊक डबा बदललाय? आरोळी ऐकून त्याने सवयीने बोट दाबलं. फडक्याखालून महाराजांचाच डबा खणखणीत बोलला, "दोन हजार रुपये मिळाले."

कुणी छदामही दिला नव्हता!

धाकटीने पडदा ओढला. आत शिष्य, एका हातात फोन, दुसऱ्या हातात अर्धं बिस्किट. आरोळी आली की हा महाराजांचेच पैसे महाराजांच्याच खात्यात पाठवायचा. या खिशातलं त्या खिशात, आणि टाळ्या आपल्या!

चहावाल्याने गाठ सोडून फोन उघडला. "काकू, माझे हजार गेलेत! आला एकही रुपया नाही!"

"येईल कसा? डबा त्यांचा, पैसे त्यांना. तुला नुसता आवाज मिळाला."

दूधवाला दारात आडवा बसला. ज्याचे त्याचे पैसे परत आले, प्रत्येकाने आपापल्या फोनात पाहून घेतले, मगच महाराजांना वाट मिळाली. रेशमी फडकं मी ठेवून घेतलं. इस्त्री पुसायला बरं आहे.

धाकटीची मशीन आली. दिवसभर घरात खडखडाट असतो, पण तो खराखुरा.

बायांनो, बाप्यांनो, पैसे दुप्पट करतो म्हणणाऱ्याला आधी विचारा, "मग माझे कशाला मागतोस बाबा? स्वतःचेच कर की!" आणि डबा बोलो, महाराज बोलोत, नाहीतर ही काकू बोलो, आपला फोन आपण उघडून बघा. डोळे मिटायला रात्र आहे.