अण्णांची ओली हवा

सकाळी तावदान सरकवून माझे वडील, अण्णा, खालचा ओठ किंचित पुढे काढून उभे राहत, आणि मानखुर्दच्या खाडीवरून येणारी जड, मचूळ हवा त्या ओठावर क्षणभर थबके. मग ते हवेतल्या ओलाव्याचा आकडा सांगत. ऐंशी. आज शहात्तर. कुणी विचारलेलं नसे. तरुणपणी गिरणीच्या सूतखात्यात पाण्याचे फवारे सोडून हवा ओली राखण्याचं काम त्यांनी केलं होतं. हवा कोरडी पडली की सूत तुटे, सूत तुटलं की सायबाच्या शिव्या, म्हणून शंका आली की फवारा सोडायचा, हा एकच धर्म त्यांच्या हाडांत मुरला. गिरणी बंद पडली, तिच्या जागी काचेचे मनोरे झळकू लागले, आणि एवढं दुर्मिळ ज्ञान अंगी असलेला माझा बाप साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये खोकी बांधत म्हातारा झाला. या शहराला त्यांच्या त्या ओठाची कधी कदर वाटली नाही, याचा मला आजही संताप येतो.

आई ज्येष्ठात गेली. लग्न होऊन आली तेव्हा गावाहून टोपलीतून आणलेल्या कोंबडीचा वंश तिने बैठ्या चाळीत चाळीस वर्षं राखला, आणि चाळीचा टॉवर झाल्यावर सोळाव्या मजल्याच्या बाल्कनीतही एक जोडी हट्टाने ठेवली. आई होती तोवर सोसायटीची कमिटी दबकून होती. ती गेली, आणि कोंबड्याच्या आरवण्याने झोपमोड होते म्हणून नोटीस आली. अण्णांनी निमूटपणे जोडी वॉचमनच्या हवाली केली. आषाढात दिलेल्या कोंबड्यांचं पुढे काय होतं, ते काय सांगायचं! मागे तांदळाच्या डब्यात आई गेल्यानंतर कोंबडीने घातलेली नऊ अंडी राहिली. ती उबवायची, पिल्लं गावी मामाकडे पाठवायची, म्हणजे तिचा वंश राहील, असं अण्णा म्हणाले, आणि आई गेल्यापासून त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवले.

मासळीचं थर्मोकोलचं खोकं, साठचा बल्ब, वर्कशॉपमधून मागून आणलेला थर्मोस्टॅट आणि कोपऱ्यात पाण्याची स्टीलची वाटी. श्रावणाच्या करड्या, सतत झिरपणाऱ्या उजेडात त्या खोक्यातली पिवळी आभा अण्णांच्या सुरकुत्यांवर पडे आणि चेहरा कसा उजळून निघे. दिवसातून तीनदा ते अंडी परतत. ज्या बोटांनी एके काळी फवाऱ्यांची अवजड चाकं फिरवली, तीच बोटं आता झोपलेल्या बाळाची कूस बदलावी तशी हळुवार चालत. मग ओठ खोक्याजवळ नेत, हवा चाखत, आणि वाटी काठोकाठ भरत. कधी दुसरीही ठेवत.

चूक मला आठव्या दिवशीच कळली होती. मी आर्द्रता दाखवणारा, छोट्या घड्याळाएवढा काटा विकत आणून आत ठेवला, तो अठ्ठ्याहत्तरवर जाऊन बसला. वाचलेलं सगळं उलट सांगत होतं: अंड्यातलं थोडं पाणी उडून गेलंच पाहिजे, रुंद टोकाची हवेची पोकळी दिवसागणिक वाढली पाहिजे, कारण पिल्लू पहिला श्वास तिथेच घेतं. श्रावणातल्या मुंबईत शेवटचे तीन दिवस येईपर्यंत तरी वाटीची गरजच नव्हती. मी तसं म्हटलं. अण्णा हसले, किती महिन्यांनी हसले.

"माका हवा शिकवतंस?"

त्या हसण्यापुढे मी हरले. काटा काढून कपाटाच्या खणात टाकला. चौदाव्या दिवशी मोबाइलच्या उजेडात त्यांनी अंडं धरून दाखवलं. पोकळी नखाएवढीच होती, आणि पाणी जराही उडू दिलं नाही म्हणून ते खूश होते. मी मान डोलावली. इतकी वर्षं कुणी न मागितलेलं त्यांचं ज्ञान पहिल्यांदा कामाला आलं होतं, ते मी कोणत्या तोंडाने हिरावून घेणार होते? ही माया होती असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर तो निव्वळ भित्रेपणा होता.

विसाव्या दिवशी संध्याकाळी एका अंड्यातून क्षीण चिवचिव आली. अण्णांनी मला हाक मारली नाही, नुसता हात वर केला, आणि आम्ही दोघं श्वास रोखून ऐकत राहिलो. सकाळी खोकं गप्प होतं. आणखी चार दिवस थांबून त्यांनी अंडी एकेक करून फोडली. नऊच्या नऊ पिल्लं पूर्ण घडलेली, पिसं अंगाला चिकटलेली; आणि प्रत्येक कवचातून त्यांच्या तळहातावर पाणी सांडलं. ते पाणी त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"तुका म्हायत होता?"

मी होय म्हणाले.

"मगे माझो हात कित्याक धरलंस नाय?"

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पंच्याने हात पुसले, खण उघडून तो काटा काढला आणि खिडकीजवळच्या खिळ्याला लावला.

आता रोज सकाळी अण्णा आधी काट्याकडे बघतात, मग तावदान सरकवतात. ओठ मिटलेलेच असतात. आकडा सांगत नाहीत. आई गेली त्याला तिसरं वर्ष लागलंय, तिचं जाणं काळाने हळूहळू सोसण्याजोगं केलं. पण माझ्यासमोर चहा पीत बसलेल्या या माणसातून जे निघून गेलं, ते माझ्या डोळ्यांदेखत गेलं, आणि तेव्हा मी गप्प होते.