तेरवीला विचारलं होतं

मोतीलालने मागावरचा तुटलेला धागा चिमटीत धरला, गाठ मारली आणि मगच दारातल्या माणसाला आत ये म्हटलं.

भुपेंद्र भंडाऱ्याहून आला होता. महिनाभर फोन करणाऱ्या वसुली कंपनीचा माणूस. बसल्या बसल्या त्याने फाइल उघडली. मोतीलालची बायको करुणा हिच्या क्रेडिट कार्डाचे अठ्ठेचाळीस हजार.

"काका, पुरे मागत नाही. आज पाचशे द्या अन् इथं सही करा. बाकीचं हप्त्याहप्त्यानं."

कागदावर लिहिलं होतं, पत्नीच्या कार्डाची रक्कम मी फेडीन.

"माझी पुतणी वकील आहे," मोतीलाल म्हणाला. "ती सांगे, बँक तीन वर्षांत कोर्टात गेली नाही, आता कोणाले जाता येत नाही. पण मी सही केली का नवं देणं उभं राहते. खरं का नाही?"

"कायद्याचं सोडा ना काका. बाईच्या नावावर बाकी दिसून राहिली, बरं वाटते का?"

मोतीलालने आवाज चढवला नाही.

"तेरवीले, पंगत बसायच्या आधी, मी हात जोडून विचारलं होतं. तिचं कोणाचं काही असन तर बोला. चुडीवाली बोलली, एकशे वीस. दूधवाला बोलला. पाच वर्षं झाले. तुमची बँक काहून नाही बोलली?"

"बँकेनं आमाले विकलं ना ते."

"कितीले?"

"ते नाही सांगता येत."

"फाटकं लुगडं मी पुऱ्या भावानं विकत नाही, बाबू. घेणारा हसते."

भुपेंद्रच हसला. मग फाइलमधून त्याने एक यादी काढली.

"पाहा तरी. खोटं नाही. बाईनंच खर्च केला."

करुणा कोंढा गावच्या शाळेत शिक्षिका होती. पगार पाहून बँकेने कार्ड दिलं होतं. मोतीलालने यादीवरून बोट फिरवलं. किराणा. औषधं, पुन्हा औषधं. मग नागपूर, चष्म्याचं दुकान, एकतीसशे.

त्या वर्षी त्याला ताण्यातला धागा दिसेनासा झाला होता. डॉक्टरने नंबर लिहून दिला, तो चिठ्ठी खिशात घेऊन हिंडत राहिला. माग विकायचं बोलणंही झालं होतं. एका संध्याकाळी करुणाने चष्मा आणून पुढे ठेवला. शिबिरात फुकट भेटला, म्हणाली. फुकट म्हणून त्याने घातला.

त्याने ती ओळ पुन्हा वाचली. चष्मा काढला, बनियनच्या टोकाने पुसला, डोळ्यांवर चढवला.

भुपेंद्रने पेन पुढे केलं.

"मंग काका, देणं मान्य?"

"देणं आहे," मोतीलाल म्हणाला. "तुमचं नाही."

पेनाला टोपण लावून त्याने ते परत दिलं. यादी दिली नाही. भुपेंद्रने यादीकडे एकदा पाहिलं, मग फाइल बंद करून पायऱ्या उतरला.

मोतीलाल मागावर बसला. मघाची गाठ त्याने वाकून पाहिली. पक्की बसली होती.