नानांची काळी माइल्ड

नानांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, आवाज बसायला लागला तेव्हा घरात सगळ्यांनी उन्हाला दोष दिला. मग घास अडकायला लागला, तेव्हा दोष मिरचीवर गेला. शेवटी धुळ्याच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं आणि माझ्या भावाला, कुंदनला, बाहेर बोलावलं. अन्ननलिकेत गाठ आहे, म्हणाले. वय बघता कापाकापीत अर्थ नाही. आत्ता पातळ उतरतंय, थोड्या दिवसांत तेही उतरणार नाही. काही खाण्यापिण्याची इच्छा असेल तर पुरवून घ्या.

मी ओहायोत. कुंदनने व्हिडिओ कॉल लावून फोन नानांच्या पुढ्यात धरला. मी विचारलं, "नाना, काय खावासं वाटस?" मला वाटलं, आमरस म्हणतील, नाहीतर शेवभाजीचा नुसता रस्सा. नानांनी आधी मायकडे पाहिलं. माय पाण्याचा तांब्या भरायला उठली, तेव्हा फोन तोंडाजवळ ओढून घेत म्हणाले, "माइल्ड. काळी माइल्ड. भेटी का तठे?"

मी कुंदनकडे पाहिलं, कुंदनने छताकडे.

नाना म्हणजे भाईदास पाटील, सोनगीरचे. गावात कुणालाही विचारा, चहाच्या पलीकडे काही न पिणारा माणूस म्हणून सांगतील. लग्नात पोरं गाडीमागे ग्लास घेऊन उभी असली की नाना दिसताच ग्लास खिशात घालायची आणि पँटी ओल्या करून घ्यायची. पण तरुणपणी हेच नाना धुळ्याच्या आयटीआयमधून मोल्डरचं, म्हणजे ओतकामाच्या साच्यांचं, काम शिकून इंग्लंडला गेले होते. बर्मिंगहॅमच्या जवळ कुठेतरी लोखंड ओतायची फाउंड्री होती. दिवसभर भट्टीसमोर भाजून निघायचं आणि सुटी झाली की काजळलेल्या तोंडानेच सगळ्यांनी कोपऱ्यावरच्या पबात जायचं. पाण्याने ती तहान जायची नाही, नाना सांगायचे. तिथे ही माइल्ड असायची. बियरच, पण काळी, गोडसर, आणि इतकी सौम्य की दोन-तीन ग्लास घेऊन माणूस सरळ चालत घरी जायचा. कामगारांचं पेय. हे सगळं त्यांनी आम्हाला शेतातल्या बांधावर बसून सांगितलेलं, मायच्या माघारी.

मायच्या माघारी, कारण नाना तिकडे पबात होते तेव्हा माय इकडे होती. लग्न करून नाना परत गेले आणि धुरपदाबाई, म्हणजे माझी माय, सोनगीरला सासूच्या हाताखाली राहिली. तिचं पहिलं पोर दीड वर्षाचं होऊन तापाने गेलं. नाना आले ते तीन महिन्यांनी. त्यांच्या बॅगेत एक फोटो निघाला. पबात चार-पाच जण, नानांच्या हातात काळा ग्लास, आणि नाना दात दाखवून हसताहेत. फोटो कधीचा ते मायने विचारलं नाही. तिच्या लेखी तो पोर गेलं त्याच दिवसाचा. पुढे फाउंड्री बंद पडली, नाना कायमचे घरी आले, तेव्हा तिने त्यांना धुळ्याला एकविरादेवीपुढे उभं केलं आणि शपथ घ्यायला लावली. नानांनी घेतली. चाळीस वर्षं पाळली. त्यानंतर कुंदन झाला, मी झाले, पण तसं हसताना नानांना आम्ही कधी पाहिलं नाही, हेही खरं.

तर अशा माणसाला आता माइल्ड हवी होती. इंग्लंडातच ती आता फारशी कुणी पीत नाही म्हणे. अमेरिकेत तर विचारायला नको. मी दारूच्या दुकानात कधी पाय न ठेवलेली बाई, आणि आता दर शनिवारी नवऱ्याला गाडीत बसवून बियरवाल्यांचे उंबरे झिजवत होते. इथल्या लोकांना सगळं कडू लागतं, कडक लागतं आणि दाताला कळ लागेल इतकं थंड लागतं. माइल्ड म्हटलं की दाढीवाली पोरं हसून दुसरंच काही पुढे करायची. काळी म्हटलं की कॉफी घातलेली, चॉकलेट घातलेली, एकाने तर नारळ घातलेली दिली. मी त्याला म्हटलं, अरे बाबा, ही बियर आहे की दिवाळीचा फराळ? त्याला ते कळलं नाही, माझ्या नवऱ्याला कळलं आणि तो गाडीत जाऊन बसला.

कुंदनचे फोन येत होते. भाताची पेज बंद झाली. मग वरणाचं पाणीसुद्धा गाळून द्यायला लागले. मी फोन ठेवून पुन्हा शोधायला बसायची. मला दुसरं काय करता येत होतं?

शेवटी मिशिगनमधल्या एका खेड्यात एक म्हातारा सापडला. त्याचा आजा त्याच फाउंड्र्यांच्या मुलखातून आलेला. आजाच्या आठवणीखातर तो दर वसंतात एकदाच माइल्ड करायचा, विकायचा ती आपल्याच गुत्त्यात, नळातून. त्याने माझ्यापुढे ग्लास ठेवला. मी आयुष्यात पहिल्यांदा बियर तोंडाला लावली. भाकरी तव्यावर जरा जास्त राहिली की येतो तसा वास, आणि मागून गुळाची चव. नाना बांधावर बसून सांगायचे तेच. मला तिथेच रडू फुटलं. म्हाताऱ्याने कुणासाठी हवी ते विचारलं, ऐकून घेतलं आणि दोन मोठे डबे भरून माझ्यासमोर यंत्राने बंद केले. वर बजावलं: हलवू नका, लवकर प्या, आणि गरम होऊ देऊ नका. ही जिवंत असते, तापली की मेलीच.

एक डबा विमानाच्या पोटातच फुटला. मुंबईला बॅग उघडली तर माझे सगळे कपडे त्या वासाचे. दुसरा शाबूत होता. तो मी ओल्या टॉवेलात गुंडाळला आणि चाळीसगावपर्यंत रेल्वेत मांडीवर घेऊन बसले. स्टेशनवर कुंदन गाडी घेऊन आला होता. मार्चमध्येच उन्हाने जीव नकोसा केलेला. टॉवेल वाळला की मी बाटलीतलं पाणी ओतायची, कुंदन एसी वाढवायचा. सोनगीरचा किल्ला दिसला तेव्हा डबा गार होता.

नाना खाटेवर नुसते पसरलेले होते. गालफडं बसलेली, हातांची चामडी लोंबणारी. मला पाहून त्यांनी भुवया उंचावल्या. मी मान हलवली. आणली म्हणून. त्यांचे डोळे भरून आले, आणि ते मायने पाहिलं.

लपवाछपवीला अर्थ नव्हता. मी डबा स्वयंपाकघरातल्या फ्रीजमध्ये ठेवला आणि मायला सगळं सांगितलं. मी भांडायच्या तयारीने आले होते. विमानात अख्खं भांडण पाठ केलं होतं. मायने ऐकून घेतलं. पदराने तोंड पुसलं. मग म्हणाली, "त्यास्नी मांगं?"

"हा माय. त्यास्नीच मांगं."

तिने फ्रीजचं दार उघडून डब्याला हात लावून पाहिला. "बरं," ती म्हणाली. "पन देसू मीच. तू आंघोळ करी ले."

मला इतकं हलकं वाटलं! चाळीस वर्षांचा राग तिने एका शब्दात सोडला, असं मला वाटलं. मी अंगावर भसाभस पाणी ओतून घेतलं. बाहेर आले तर घरभर वास. करपल्या भाकरीचा आणि गुळाचा. मी ओल्या केसांनी स्वयंपाकघरात धावले.

गॅसवर पातेलं होतं. काळं पाणी खदखदत होतं आणि माय झाऱ्याने वरचा फेस काढून टाकत होती, गुळाच्या कढईतली मळी काढतात तसा. डबा मोरीत आडवा पडलेला. बाजूला सुंठेची डबी उघडी.

"माय! हाई काय कयं तू?"

"उकाळी दिधं," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर समाधान होतं, खरंखुरं. "नशा उडी गयी बठ्ठी. आते शपथ बी मोडाव नही नि त्यास्नी इच्छा बी ऱ्हाव नही. डॉक्टर बी सांगस ना, उकाळेलच द्या. सुंठ टाकी थोडी, घसाले बरी."

मला तिला धरून गदागदा हलवावंसं वाटलं. ओरडण्यासाठी तोंड उघडलं, आणि मला दिसलं की ती पातेल्यापासून हातभर लांब उभी राहून, हात ताणून झारा चालवतेय. ती घाबरलेली होती. देवीला, की नानांना, की त्या काळ्या पाण्याला, कोण जाणे. मी तोंड मिटलं. ओरडून तरी काय होणार होतं, पातेल्यातलं पुन्हा डब्यात जाणार नव्हतं.

तिने ते वाटीत गाळलं, फुंकर घालून गार केलं. नानांच्या उशाला बसून त्यांची मान स्वतःच्या दंडावर घेतली. इतक्या जवळ त्या दोघांना मी कधी पाहिलं नव्हतं. पहिला चमचा आत गेला. नानांनी डोळे मिटले. घशाची घाटी वर गेली, अडली, खाली आली. मग त्यांनी डोळे उघडून आधी माझ्याकडे आणि मग मायकडे पाहिलं.

"तेच शे ना?" मायने विचारलं.

"तेच शे," नाना म्हणाले. आवाज कसला, नुसती हवा. "बठ्ठं तेच."

त्यांनी वाटी संपवली. प्रत्येक घोटाला कळ येत होती, ते आम्हाला दिसत होतं, तरी संपवली. माय लाजल्यासारखी हसली आणि वाटी धुवायला गेली. नानांनी मला बोटाने जवळ बोलावलं. मी कान त्यांच्या ओठांना लावला.

"उकाळेल शे," ते म्हणाले. "तिले नको सांगजो."

मी मान हलवली.

"ऱ्हायनी का थोडी?"

"नही नाना. बठ्ठी उकाळी तिनी."

"ऱ्हाऊ दे," म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवसापासून पाणीही उतरेना. नाकातून नळी घातली. त्याच आठवड्यात नाना गेले.

सांत्वनाला येणाऱ्या प्रत्येक बाईला माय सांगत होती, "पोर अमेरिकाथीन लई उनी, नि मी मना हातवर पाजं. तृप्त व्हईसन गयात." बायका माना डोलवायच्या. मी ओट्यावर बसून ऐकायची, आणि मला मायचा राग यायचा. खोटं कशाला बोलू, अजून येतो. माणसाने मरताना एक गोष्ट मागितली, ती समुद्रापलीकडून त्याच्या घरात येऊन पोचली, आणि त्याच्या ओठांपासून दहा पावलांवर गॅसवर मेली. नानांचाही राग येतो. 'तेच शे' म्हणून ते सुटले आणि मला अडकवून गेले.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी पुन्हा आले. आमच्याकडे आखाजीला लेकी माहेरी येतातच, आणि वर्षभरात घरातलं कुणी गेलेलं असलं की त्याच्या नावाने डेरगं भरतात. मातीचा मोठा डेरा पाण्याने भरायचा, त्यावर छोटं मडकं, वर खरबूज, आंबे, सांजोऱ्या. चुलीत निखाऱ्यांवर आगारी टाकायची, म्हणजे गेलेल्याच्या आवडीचा घास विस्तवाला द्यायचा. मायने महिनाभर आधीच फोन करून आणायला बजावलं होतं: त्यास्नं ते काळं पानी लई येजो. मिशिगनच्या म्हाताऱ्याकडे वर्षातली शेवटची थोडी उरली होती. त्याने दोन डबे भरून दिले. या वेळी दोन्ही धड पोचले.

एक मी मायच्या हातात दिला. दुसरा माझ्या बॅगेत राहू दिला. मनात होतं, माय पुरणाच्या गडबडीत असली की हळूच उघडून निखाऱ्यावर ओतेन. गार, न उकळलेली. एकदा तरी नानांना त्यांची माइल्ड मिळू दे.

मायने पातेलं चढवलं. फेस आला, तिने झाऱ्याने काढला. सुंठ टाकली. मग पातेल्यात बघत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "इतली सोपी गोट व्हती वं मयुरी. उकाळनं नि देनं. माले चाळीस वरीस सुचनं नही. दर सालले देती मी त्यास्ले. उगाच तरसाडं."

ती रडायला लागली. नाना गेले तेव्हा ती अशी रडली नव्हती. एका हाताने डोळे पुसत होती आणि दुसऱ्या हाताने फेस काढत होती. "तुले काही बोलनात का ते, जाताना?" तिने विचारलं. "वाटी धोताना मी देखं, तू कान लायेल व्हता."

"चांगली व्हती म्हनेत," मी म्हटलं. "तुनी करेल चांगली व्हती."

तिने नाक ओढलं, मान हलवली आणि पातेल्यात वाकून पाहिलं. उकळून उकळून ते तळाला गेलं होतं. "डेरगंले नि आगारीले पुराव नही हाई," ती म्हणाली. "आखो शे का?"

मी बॅगेतून दुसरा डबा काढला, उघडला, आणि तिच्या पातेल्यात ओतून दिला.