शत्रू दारात यायच्या आधी

ओबो हे फुंकायचं वाद्य, त्याला श्वास लागतो. यंत्राला लागत नाही.

"कोता! भात निवतोय! किती हाका मारू?" (जुनी कॅसेट, पहिली बाजू, लढाईच्या ऐन मध्यात.)

सभागृहाच्या मागच्या दाराशी मिकान संत्र्यांची पेटी. जांभळ्या कापडात बांधलेली, गाठ अगदी मधोमध.

कार्यक्रमपत्रिका, पान चौथं: "बर्फाच्या किल्ल्याचा द्वारपाल हा नायकाचा जुना गुरू. नायक तलवार उचलतो आणि थांबतो. मूळ चालीतले विराम म्हणजे त्याच्या मनातली दया. पुढे निघालेल्या रेकॉर्डमध्ये कंपनीने हे विराम भरून टाकले. शांततेला घाबरणारे लोक असंच करतात. – शिओमी कोता"

लहानपणीच्या त्या टीव्हीचा स्पीकर डावीकडे होता. टेपरेकॉर्डर तिथे टेकवायचा आणि घरातल्या सगळ्यांना गप्प बसायला सांगायचं. आई ऐकायची नाही.

एक उजवा अंगठा, साठी ओलांडलेला, गुडघ्यावर. दाबला. सुटला. दाबला.

*

अंगठा निकाइदो फुमिए बाईंचा. बर्फाच्या किल्ल्याच्या त्या जुन्या व्हिडिओ गेमचं संगीत त्यांचं. द्वारपालाच्या लढाईची चाल जेमतेम दीड मिनिटाची. संपली की पुन्हा पहिल्यापासून, खेळणारा जिंकेपर्यंत किंवा मरेपर्यंत. शिओमीने ती वाद्यवृंदासाठी बांधली होती. तीन भाग, वीस मिनिटं, पूर्ण गोष्ट: हल्ला, दया, निरोप. नागोयाला शेवटच्या विरामात लोक रडले होते. आज हामामात्सुला संध्याकाळी दुसरा प्रयोग, त्याचं ध्वनिमुद्रण, आणि दुपारच्या तालमीला बाई स्वतः पहिल्यांदा ऐकायला आलेल्या.

ज्या माणसाची चाल, त्याने ती आपली म्हणून ओळखावी. शिओमीला आज एवढंच हवं होतं.

"बघा, बघा," वाद्यवृंदाचे संचालक तोकुमारू काठी खाली न घेता मागे वळून ओरडले, "सेन्सेई ठेका धरतायत!"

शिओमीनेही बाईंकडे पाहिलं. छाती भरून आली. मग त्याच्या लक्षात आलं की ठेका वाद्यं वाजताना पडत नव्हता. ओबो थांबला की अंगठा दाबला जायचा. ओबो सुरू झाला की सुटायचा.

*

मधल्या सुट्टीत बाई त्याच्या शेजारी येऊन बसल्या आणि मिकान सोलू लागल्या.

"शिओमी-सान, एक विचारू? रागावू नका हं."

"छे, सेन्सेई. विचारा ना."

"तो पोरगा कोण होता?"

"कुठला पोरगा?"

"खेळणारा. तुम्ही ज्यावरून हे लिहून काढलंत, त्यात खेळत होता तो."

शिओमी म्हणाला, कॅसेट त्याची स्वतःची. नऊ वर्षांचा असताना टीव्हीसमोर धरून भरलेली. रेकॉर्डवर त्याचा विश्वास नव्हता. खरा आवाज कॅसेटवरचा.

"म्हणजे पोरगा तुम्हीच!" बाई मनापासून हसल्या. "अहो, केवढे घाबरलेले होतात. शत्रू अजून दारातही नाही आणि तुमची तलवार आपली हवेत फिरतेय. सारखी. सारखी."

त्याला कळेना. बाईंनी संत्र्याची एक फोड त्याच्या तळहातावर ठेवली.

"त्या यंत्रात आवाज मोजकेच. एक चाल म्हणणार, एक साथ करणार, एक खालचा सूर धरणार. तलवारीचा सपकन आवाज हवा म्हटल्यावर कुणाला तरी गप्प करायला हवं. कंपनीतले म्हणाले, चालीला करा, खेळणाऱ्याला तलवार ऐकू आली पाहिजे. म्हणून बटण दाबलं की माझी चाल तेवढ्यापुरती बंद. कॅसेटवर तलवारीचा सपकारा ऐकू येत असेल ना?"

"येतो," शिओमी म्हणाला. "मला वाटायचं, तो वरून टाकलाय. मी तो गाळला. खाली शांतताच दिसली."

"खाली मी होते," बाई म्हणाल्या. तक्रारीने नाही. चहा कोणता घेणार, असं विचारावं तसं.

*

गाळलेला सपकारा. खाली विराम.
गाळलेला सपकारा. खाली विराम.
द्वारपालाबद्दलची दया: नऊ वर्षांच्या पोराचा घामेजलेला अंगठा.
शांततेला घाबरणारे लोक असंच करतात. – पान चौथं, छापलेलं, दाराशी गठ्ठ्यांनी रचलेलं.

*

इतक्यात ओबो वाजवणारी कुजिराई पाण्याची बाटली हलवत आली. "सेन्सेई, भेटून फार बरं वाटलं! आणि शिओमी-सान, तुमचे ते विराम नसते ना, तर मी आज स्टेजवर आडवी झाले असते. श्वास घ्यायचा कुठे माणसाने?"

शिओमीच्या तोंडून निघून गेलं: "हो, म्हणजे... त्यासाठीच ठेवलेत ते. श्वासासाठी."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. सालीचे तुकडे एकात एक बसवत त्या म्हणाल्या, "श्वासासाठी. छान विचार केलात."

कुजिराई खूश होऊन गेली. शिओमीचे कान इतके तापले की त्याने ते हाताने झाकले.

"सेन्सेई, मी खोटं बोललो."

"बोललात खरे."

"मी संध्याकाळपर्यंत विराम भरतो. तुटलेले सूर रेकॉर्डवरून घेतो. ओबोला नाही झेपलं तर क्लॅरिनेटला वाटून देतो. तोकुमारू-सानना पटवतो."

त्याने विचारलंही. तोकुमारूंनी कपाळावर काठी टेकवली. "आज? ध्वनिमुद्रणाच्या दिवशी? शिओमी-सान, तुम्हाला झालंय तरी काय? शेवटी सगळे मिळून थांबतात, त्यासाठीच तर लोक तिकीट काढतात."

शिओमी परत आला तेव्हा बाईंना उत्तर आधीच माहीत होतं. "राहू द्या. लोकांना आवडतंय."

"पण तुमची चाल..."

"तिला गप्प बसायची सवय आहे."

त्याला हायसं वाटलं. मग हायसं वाटल्याची लाज वाटली, आणि ती पहिल्या लाजेपेक्षा मोठी होती. खोटं निदान घाईत निघालं होतं. हे मात्र तो सावकाश, खुर्चीत बसून करत होता.

*

संध्याकाळी निवेदिकेने बाईंना स्टेजवर बोलवायचं म्हटलं. बाईंनी हात हलवून नकार दिला: मी ऐकायला आलेय. मग माईक शिओमीच्या हातात आला.

"त्या सुंदर विरामांबद्दल सांगाल का?"

सभागृह भरलेलं. पुढच्या रांगेत लोकांच्या मांडीवर पान चौथं उघडलेलं.

"ते विराम नाहीत," तो म्हणाला. "मी लहानपणी घाबरून बटण दाबत होतो. प्रत्येक वेळी चाल तुटत होती. मला ते समजलं नाही आणि मी त्यावर गोष्ट रचली. पत्रिकेत लिहिलेलं चूक आहे. रेकॉर्ड बरोबर होती."

मग हसू उसळलं, प्रेमळ, आणि पाठोपाठ टाळ्या.

"किती हो विनम्र आमचे शिओमी-सान!" निवेदिका म्हणाली.

"विनम्र नाही, खरंच..."

टाळ्या वाढल्या. तो जितका मान हलवत राहिला तितक्या वाढत गेल्या. शेवटी त्याने कमरेत वाकून नमस्कार केला. दुसरं काय करायचं ते त्याला सुचलं नाही. आणि तो नमस्कारच सगळ्यात खोटा ठरला.

*

तो बाईंच्या शेजारच्या खुर्चीत बसून ऐकत होता. पहिला भाग. दुसरा. कुजिराईने विरामांत श्वास घेतले. तिसऱ्या भागाच्या टोकाला सगळी वाद्यं एकदम थांबली, आणि मागे कुठेतरी कुणीतरी नाक ओढलं.

बाई गुणगुणल्या.

अगदी हळू. चारच सूर, वर चढणारे, शेवटचा किंचित वाकडा. रेकॉर्डवर ते कंपनीची भर समजून शिओमीने सोडून दिले होते, नीट कधी ऐकलेच नव्हते. त्यात दया नव्हती आणि निरोपही नव्हता. कुणीतरी खेळकरपणे दार ठोठावावं तसं काहीतरी होतं.

पुढच्या रांगेतला माणूस वळला. डोळे ओले, कपाळावर आठी. त्याने बोट ओठांवर ठेवलं.

बाईंनी चटकन तोंडावर हात घेतला आणि मान लववली. माफी.

शिओमीने त्या माणसाला सांगायला हवं होतं. चार शब्द पुरले असते: ही चाल यांची आहे. त्याने तोंड उघडलं. विराम अजून चालू होता, ध्वनिमुद्रण चालू होतं, तोकुमारूंची काठी हवेत थबकलेली होती.

"माफ करा," तो त्या माणसाला ओठांनीच म्हणाला, बाईंच्या वतीने, आणि त्यानेही मान लववली.

वाद्यवृंद पुन्हा सुरू झाला.

*

निकाइदो फुमिए यांनी ती चाल लिहिली तेव्हा त्या तेवीस वर्षांच्या होत्या. खेळ जिंकल्यावर पडद्यावर येणाऱ्या नावांत त्यांचं नाव नव्हतं.