साव्वासच्या मापाचे बुश

लोडरच्या पुढच्या चौकटीचे बुश बदलायला हवेत, हे अनेस्तिसने सहा वर्षांत अकरा वेळा सांगितलं होतं. अकराही वेळा लेखी, तारीख घालून. संगमरवराच्या त्या कारखान्याची मालकीण पार्थेनाबाई दर वेळी कागद नीट वाचायची, घडी घालायची आणि विचारायची, "मशीन चालतंय ना, मिस्त्री?"

मशीन चालत होतं, हीच तर अडचण होती.

लोडर लहान होता, दोन घरांच्या मधल्या बोळातून जाईल एवढा. त्याच्या पुढच्या लोखंडी चौकटीला कधी बादली लावत, कधी दगड उचलायचे दोन काटे. चौकट हातांना जोडलेली असते पिनांनी, आणि पिनांभोवती असतात बुश. बोटभर उंचीचे, पोलादी नळीचे तुकडे. झिजायचं काम त्यांचं, म्हणजे बाकीचं लोखंड शाबूत राहतं. इथल्या बुशांनी ते काम कधीच पूर्ण केलं होतं. काट्यांच्या टोकाला हाताने दाबलं की टोक चार बोटं खाली जायचं. लोडर आवारातून निघाला की जेवणाची भांडी भरलेली हातगाडी दगडांवरून ओढावी असा आवाज व्हायचा. अनेस्तिसला तो आवाज दातात जाणवायचा. चालवणाऱ्या साव्वासला तो ऐकूच येत नसे. तेवीस वर्षं तो त्याच सीटवर बसत होता.

बुश शेवटी बदलले गेले ते कागदांमुळे नव्हे. जून महिन्यात वरच्या गावातल्या चर्चसाठी बारा पायऱ्यांची मागणी आली. पंधरा ऑगस्टला मरियेचा सण, त्याआधी पायऱ्या बसायला हव्या होत्या. चर्चसमितीचे अध्यक्ष दगड बघायला आले असताना लोडर त्यांच्या मागून गेला. त्यांनी दचकून छातीवर क्रूस केला आणि विचारलं, "आमच्या पायऱ्या याच्यावरून येणार?"

संध्याकाळी पार्थेनाबाईने अनेस्तिसला बोलावलं. "बदल बाबा ते तुझे बुश."

अनेस्तिसने दोन संच मागवले. एक बसवायला, एक हाताशी. जुने बुश जागेवर इतके धरले होते की करवतीने आतून चीर देऊन काढावे लागले. नवे बसवायच्या आदल्या दिवशी त्याने ते कॅन्टीनच्या फ्रीजरमध्ये ठेवले, कारण गारठलं की पोलाद केसभर आकसतं आणि भोकात अलगद शिरतं. त्या दिवशी कारखान्यात सगळ्यांच्या गार कॉफीला ग्रीसचा वास येत होता.

"मिस्त्री, बर्फ आज कुठल्या गिअरमध्ये टाकलाय?" साव्वासने पेला नाकाशी धरून विचारलं.

"पी गप. उद्या तुझं मशीन लोण्यासारखं चालेल."

"चालतच होतं की."

"चालत नव्हतं, साव्वा, लंगडत होतं. ऐका सगळ्यांनी. उद्यापासून या मशीनमुळे एक जरी दगड फुटला, तर वर्कशॉपची चावी बाईंच्या टेबलावर ठेवून मी घरी जाईन."

"जाऊ नकोस. माझ्या शेळ्यांना माणूस हवाच आहे."

सगळे हसले. अनेस्तिसही हसला. त्याचं वय एकोणसाठ होतं, वर्कशॉपमध्ये त्याची पस्तीस वर्षं गेली होती आणि आपलं काम त्याला माहीत होतं.

काम खरोखरच चोख झालं. पिना तळहाताच्या दाबाने आत गेल्या. प्रत्येक सांध्यात ग्रीस कडेने बाहेर येईपर्यंत भरलं. काट्याच्या टोकावर अनेस्तिस स्वतः उभा राहिला. टोक हललं नाही. मंगळवारी सकाळी लोडर आवारातून निघाला तेव्हा फक्त इंजिनाचा आवाज होता. पार्थेनाबाई खिडकीत आली आणि मशीनला दृष्ट लागू नये म्हणून तीन वेळा थुंकल्यासारखं करून आत गेली.

नऊ वाजून दहा मिनिटांनी पहिली पायरी फुटली.

साव्वासने ती काट्यांवर आडवी घेतली, लाकडी ठोकळ्यांपर्यंत आणली आणि खाली ठेवली. ठेवण्याआधी त्याच्या मनगटाने काटे हलवायची कांडी थोडी मागे ओढली, काट्यांची टोकं चार बोटं वर गेली. वर्षानुवर्षं ती टोकं ढिल्या बुशांमुळे आपोआप चार बोटं खाली यायची आणि दगड सपाट बसायचा. आज ती वरच राहिली. दगडाची मशीनकडची कड आधी ठोकळ्यावर टेकली आणि पावाचा तुकडा मोडावा तसा हातभर तुकडा निघाला.

"तुझी चूक," अनेस्तिस म्हणाला. "मागे कशाला ओढलंस?"

"मी कुठे ओढलं?"

"ओढलंस. मी बघितलं."

"मग हाताने ओढलं असेल. मी नाही."

दुसऱ्या पायरीच्या वेळी साव्वास हातावर डोळा ठेवून बसला. हात मागे जाऊ नये म्हणून त्याने तो जरा पुढेच ढकलला. या वेळी पलीकडची कड फुटली.

दगडाच्या ठोकळ्यातून चौदा पायऱ्या निघाल्या होत्या. मागणी बाराची. म्हणजे आता फोडायला एकही शिल्लक नव्हती, आणि त्याच खाणीतला त्याच छटेचा दगड सप्टेंबरशिवाय मिळणार नव्हता.

अनेस्तिस कार्यालयात गेला आणि चावी टेबलावर ठेवली. पार्थेनाबाईने चावीकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"मशीनमध्ये दोष आहे?"

"नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यात दोष नाही."

"साव्वासने तेवीस वर्षांत एक दगड फोडला नाही, मिस्त्री. तू एका सकाळीत दोन."

"मी?"

"मग जुने बुश परत घाल."

"त्यांना चीर दिलीय. ते भंगारात गेले."

"मला ते माहीत नाही. चावी इथेच राहू दे. बारावी पायरी चर्चपाशी धड उतरली की उचल. नाही उतरली तर उचलू नकोस."

अनेस्तिसने भंगाराचं पिंप उपडं केलं. चारही बुश मिळाले. रॉकेलने धुऊन त्याने माप घेतलं. उजवीकडचे सारखे झिजलेले: दोन पूर्णांक सहा मिलिमीटर, एकाच बाजूला. डावीकडचे तीन. साव्वास भरलेला लोडर नेहमी डावीकडे वळवायचा, त्यामुळे ते साहजिक होतं. पण मग काटे एका बाजूला कलायला हवे होते आणि ते कधीच कलत नव्हते. अनेस्तिसने डावा बुश उजेडात धरला. आत काळ्या ग्रीसखाली काहीतरी चमकलं. चिमट्याने ओढल्यावर बिअरच्या डब्याची पट्टी बाहेर आली. चार घड्यांची. जाडी शून्य पूर्णांक चार.

तीनमधून चार दशांश गेले, उरले दोन पूर्णांक सहा.

तो पट्टी घेऊन तडक साव्वासकडे गेला. साव्वास लोडरच्या सावलीत बसून टोमॅटो खात होता.

"हे तू घातलंस?"

"दोन-तीन वर्षं झाली. डावीकडे जरा बसत होतं."

"माझ्या मशीनमध्ये, मला न विचारता, बिअरचा डबा?"

"विचारलं असतं तर तू कागद लिहिला असतास."

अनेस्तिसने तो घाव गिळला. "घड्या चारच का? तीन का नाहीत, पाच का नाहीत? मोजलंस कशाने?"

"ढुंगणाने. सीटवर बसलं की कळतं." साव्वासने टोमॅटोवर मीठ टाकलं. "पाच घड्यांनी उजवीकडे कलायचं."

अनेस्तिसचं माप घ्यायचं व्हर्नियर जर्मन होतं आणि लाकडी पेटीत मखमलीवर राहायचं. ते जे सांगत होतं तेच हा माणूस सांगत होता, आणि टोमॅटो खात सांगत होता.

"नव्यावर शिकशील का? सणाला दोन आठवडे आहेत."

"रिकाम्या काट्यांवर आत्ता करून दाखवतो. दगड चढला की हात माझं ऐकत नाही. तू तुझ्या डाव्या हाताला जेवायला शिकव बरं."

बुधवारी दुपारी तीन वाजता, गाव झोपलेलं असताना, अनेस्तिसने दुसरा संच लेथवर चढवला. ही वेळ त्याने मुद्दाम निवडली होती. कोरे बुश तो स्वतः बिघडवतोय, हे कोणी बघायला नको होतं. मध्य सोडून, एकाच बाजूने, दोन पूर्णांक सहा. आयुष्यभर त्याने झिजलेलं भरून काढलं होतं. झीज बनवणं किती कठीण असतं हे त्याला ठाऊक नव्हतं. खरी झीज गुळगुळीत असते, कुठेही पायरी नसते. पहिला बुश त्याने तीनदा चढवला आणि उतरवला. चौथा संपला तेव्हा त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता आणि चारही बुशांत मिलिमीटरच्या शंभरातल्या दोन भागांचाही फरक नव्हता. इतकं बारीक काम त्याने याआधी केलं नव्हतं. नोंदवहीत त्याने लिहिलं: "बुश बदलले. माप: चालकाचं."

झोपेच्या वेळी दोन तास लेथ करकरल्यामुळे गोष्ट लपण्याऐवजी सगळ्या गावाला कळली. मात्र गावाने तिचा अर्थ आपल्या परीने लावला. मिस्त्रीने मरियेच्या पायऱ्यांसाठी दुपारची झोप सोडली, असं कॉफीच्या दुकानात ठरलं. त्याला कॉफीचे पैसे द्यावे लागेनात.

गुरुवारी लोडर पुन्हा भांड्यांच्या हातगाडीसारखा वाजत निघाला. साव्वासने पहिली पायरी ठेवली, उतरला, खाली वाकून बघितलं.

"मिस्त्री."

"काय?"

"आता दुरुस्त झालं बघ."

बाराच्या बारा पायऱ्या चर्चपाशी उतरल्या, एका कडेलाही ओरखडा नाही. अध्यक्षांनी सगळ्यांसमोर अनेस्तिसचा हात हातात घेतला आणि अशी दुरुस्ती आपण पाहिली नाही म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. पार्थेनाबाईने चावी स्वतः आणून दिली आणि बजावलं, "आता हात लावू नकोस त्याला." अनेस्तिसने मान हलवली. चावी खिशात टाकली आणि त्याला वाटलं तेवढा आनंद झाला नाही.

सणानंतरच्या सोमवारी शेजारच्या कारखान्याचा मिस्त्री, थिओफिलोस नावाचा तरतरीत माणूस, वर्कशॉपच्या दारात उभा राहिला. हातात कापडात गुंडाळलेले चार कोरे बुश.

"आमच्याकडे महिन्याला एक दगड फुटतो, मास्तर. तुमची ती दुरुस्ती आम्हालाही करून द्या. आमच्या बाई म्हणतात, काय लागेल ते विचारून ये."

सांगून टाकावं, असं अनेस्तिसच्या ओठावर आलं. मग त्याने बुश हातात घेतले, उजेडात फिरवले. निर्दोष होते. ते त्याने परत कापडात गुंडाळून थिओफिलोसच्या हातात दिले आणि मखमलीच्या पेटीचं झाकण लावलं.

"हे नंतर," तो म्हणाला. "आधी तुमचा ड्रायव्हर घेऊन ये."