बापूरावानं भरलेली तिसरी जागा

निकेश पुण्याहून सुटीवर चामोर्शीकडच्या आपल्या गावी आला, आणि आल्या आल्या बाप सोमाजीची धानाची रोवणी सुधारायला निघाला. सोमाजीचे परे, म्हणजे धानाची रोपं, पार वाढून गेले होते. मंगळवारी लागले नाहीत तर फेकायच्याच लायकीचे. रोवणीच्या बायांची टोळी वच्छलाबाईची, आणि तिचं घर चार पावलांवर. नुसती हाक मारली तरी काम झालं असतं. पण हाक मारण्यात विद्वत्ता कुठली? निकेशनं प्रोग्राम लिहिला, आणि तोही करिंग केलेला.

बापाला त्यानं नीट समजावलं. फंक्शन म्हणजे काम करणारं यंत्र. याला तीन गोष्टी लागतात: गाव, दिवस आणि बांधी, म्हणजे धानाचं शेत कोणाचं ते. गावंढळ यंत्र तिन्ही एकदम मागतं. करिंग केलेलं एकेक घेतं. गाव दिलं, की ते ध्यानात ठेवलेलं नवं यंत्र हातात येतं. त्याला दिवस दिला, की आणखी एक येतं, ते फक्त बांधी मागतं.

"आन् रोवणी कवा येते?" सोमाजीनं विचारलं.

"तिसरी गोष्ट भेटल्यावर. मंग वच्छलाबाईले आपोआप निरोप जाते. घाई काऊन करता, बाबा?"

सोमवारी निकेशनं गाव भरलं, मंगळवार भरला. ते अर्धवट यंत्र त्याला इतकं देखणं वाटलं, की त्यानं ते गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं. खाली लिहिलं, असं यंत्र कोणालाही देता येतं, उरलेलं तो भरतो.

शेजारच्या बापूरावानं आपली बांधी भरली. वच्छलाबाईच्या फोनवर निरोप गेला.

मंगळवारी वीस बाया बापूरावाच्या चिखलात वाकलेल्या. निकेशनं धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसून लॅपटॉप तपासला. चूक एकही नव्हती. त्याला क्षणभर अभिमान वाटला, मग बाप दिसला.

"बाई, हे रोवणी आमची होती," निकेश म्हणाला.

"मंग बांधीच्या जागी नाव कोनाचं टाकलं होतं?" वच्छलाबाईनं मानही वर केली नाही.

"कोनाचंच नाई. थे नंतर देनार होतो."

बाया हसत राहिल्या. टोळी शुक्रवारपर्यंत मोकळी नव्हती. वच्छलाबाईला सोमाजीची दया आली, तिनं दोन बाया दिल्या.

"बाकीचे तू आन् तुये मायबाप. पँट वर कर."

सांजेपर्यंत अर्धी बांधी लागली. उरलेले परे सोमाजीनं बैलांपुढे टाकले. बैलांनी एकेक घेत बसायचा विचार केला नाही, सगळे एकदम खाल्ले.