पंगतीआधीची कॅसेट

शेवटचा साधा दिवस होता तो, आणि साध्या दिवसासारखाच कुरबुरीत गेला. शेलूबाजारच्या घरासमोर जगदेव खाटेवर बसून एका भल्यामोठ्या स्पीकरची जाळी काढत होता. लग्नकार्याला बॉक्स आणि भोंगे भाड्याने देणं हा त्याचा उभ्या जन्माचा धंदा. ओसरीत त्याची मुलगी योगिनी एका विस्मरणात गेलेल्या कवयित्रीवर लेख लिहीत होती. ती अमरावतीला कॉलेजात इंग्रजी शिकवायची आणि सुटीच्या दिवशी दुर्लक्षित पुस्तकांना न्याय मिळवून द्यायची. हा न्याय एका त्रैमासिकात छापून येई. त्याचे लेखक आणि वाचक साधारण तेच असल्यामुळे न्याय घरातल्या घरातच राही.

जगदेवने कॅसेट लावली. ढोल, गिटार आणि घसा बसलेल्या एका अमेरिकन माणसाची आरोळी अंगणात कोसळली.

"बाबा, भजन लावा ना त्यापेक्षा."

"भजनात फाटका बॉक्स बी खपून जाते, पोरी. इथं नाई खपत, लगेच समजते. बस जराशी, पुढचं ऐक. पुढचं शांत हाये."

"नंतर ऐकते."

"तुमी शिकलेले लोक नंतरच ऐकता," म्हणत जगदेवने कॅसेट बंद केली.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो झोपेतच गेला.

मग माणसं येऊ लागली. मंगरूळपीरहून आली, शिरपूरहून आली, आणि प्रत्येकाने कोणाच्या लग्नात जगदेवचा आवाज किती दूर गेला होता ते सांगितलं. योगिनी सगळ्यांना नीट, पूर्ण वाक्यांत उत्तरं देत होती. डॉक्टर काय म्हणाले, तेरवीचं जेवण कधी आहे, चहा घेणार का. तिचे काका रामधन आलेल्यांना सांगत, "पोरगी लय शिकलेली हाये, रडत नाई." आत्या वैजयंती तेच वाक्य बायकांत सांगे, फक्त कौतुक वगळून.

माणसांपासून सुटका म्हणून एका दुपारी ती घराला लागूनच असलेल्या बापाच्या दुकानात जाऊन बसली. कॅसेट टेपमध्येच होती. वेष्टनावर वेचणीला आलेला कापूस आणि जुना ट्रॅक्टर. जगदेवने ही अकोल्याहून रद्दीच्या भावात, वर भजनं भरायला म्हणून आणली होती. चित्रातलं वावर आपल्याकडचंच वाटलं म्हणून पुसायचं राहून गेलं. बँडचं नाव डस्ट काउंटी. योगिनीने फोनवर शोधलं. अमेरिकेतल्या जॉर्जियाची पोरं, तिथल्या दक्षिणेकडच्या कापूसपट्ट्यातला हार्ड रॉक, एवढा एकच अल्बम काढून पांगलेली. सगळ्या जगात तिघांनी त्यावर लिहिलं होतं. पहिल्याच्या मते हा अल्बम अन्यायाने उपेक्षित होता, दुसऱ्याला ते पटलं होतं, आणि तिसऱ्याला आपली प्रत विकायची होती.

तिने पहिल्यापासून लावला. पहिलं गाणं ओळखीचं, दणदणीत. पण दुसऱ्यात गिटार अशी लांबत गेली, की कोणी विहिरीत दोर सोडत बसावं. दुसऱ्या बाजूला तर तोच घसा बसलेला माणूस जवळजवळ बोलत होता, मागे एक पेटीसारखं वाद्य, आणि ढोल इतका हळू की पुढचा ठोका पडेल की नाही याची काळजी वाटावी. ती दुकानाचं शटर अर्धं ओढून शेवटपर्यंत बसली. बापाला हे आवडत होतं. आणि हे खरोखर चांगलं होतं. दोन्ही गोष्टी तिला एकदमच कळल्या.

तेरवीला हे पूर्ण वाजलं पाहिजे, गावाने ऐकलं पाहिजे, असं तिने ठरवलं.

"तेरवीले इंग्रजी?" रामधनकाका खुर्चीत ताठ झाले. "लोक काय म्हनतीन? देवाचं नाव तरी हाये का त्यात?"

"'लॉर्ड' दर कडव्याला आहे, काका."

काकांनी विचार केला. "मंग लाव. पन भजनं झाल्यावर."

जगदेवचा भागीदार मुबश्शिर बॉक्स लावायला आला होता. त्याने कॅसेट हातात घेऊन उलटी केली. "दुसरी बाजू? भाऊनं तं कधी लावली नाई. हिले दुसरी बाजू बी हाये, हे मले आज समजून राह्यलं."

तेरवीला भजनं संपली. जगदेवच्या फोटोसमोर उदबत्ती होती, मांडवात सारं गाव होतं. योगिनी दोन शब्द बोलायला माइकजवळ उभी राहिली आणि मुबश्शिरने कॅसेट सुरू केली.

पहिला ढोल पडला आणि अख्खा मांडव उठला. म्हातारे उठले, पोरं धावली, बायकांनी सतरंज्यांवर जागा धरल्या. बघता बघता चार रांगा समोरासमोर मांडी घालून बसल्या आणि सगळ्या माना चुलाण्याकडे वळल्या.

"हे का बसले?" योगिनीने विचारलं.

"पंगत ना," मुबश्शिर म्हणाला. "अक्षता पडल्या की भाऊ मोठे बॉक्स जोडे, अन् हे लावून पाहे. तेवढ्यात ताटं पडत. लोकाईले वाटते, हे जेवनाचंच गानं हाये. तुमी कधी कामावर आल्याच नाई, तुमाले कसं ठाव राहीन."

"अरे उठा! भात कच्चा हाये!" स्वयंपाकाच्या प्रमुख गोमतीबाई झारा उगारून ओरडल्या. पण बसलेली पंगत रिकाम्या पोटी उठवायची नाही, तेरवीला तर नाहीच. त्यामुळे कोणी उठेना.

"बंद कर ते," काकांनी मुबश्शिरला फर्मावलं.

"राहू द्या," योगिनी म्हणाली. "तसेही बसलेलेच आहेत."

मग भात शिजेपर्यंत शेलूबाजारने डस्ट काउंटी ऐकलं. कोणी पत्रावळी झटकत, कोणी सोयाबीनचा भाव बोलत. दुसऱ्या गाण्यात बोलणी कमी झाली, भुकेमुळे असेल. मुबश्शिरने बाजू उलटली. तो हळू ढोल सुरू झाला तेव्हा पलीकडच्या रांगेतले निजामुद्दीनचाचा शेजाऱ्याला म्हणाले, "या खुदा, इतने साल खाना खाया, गाना आज सुना."

"चूप बसा चाचा, ऐकू द्या," शेजारी म्हणाला.

योगिनीने ते ऐकलं. गाणं संपलं. गोमतीबाईंनी खूण केली, भात झाला. आता माइकवर तेवढं जाहीर करायचं होतं, आणि वाक्य तिच्याकडे नेहमीसारखं तयार होतं. तिने माइक तोंडाशी धरला. वाक्य आलं नाही. श्वास तेवढा चारी बॉक्समधून गावभर गेला. वाढपी बादल्या घेऊन जागच्या जागी थांबले. तिने फोटोकडे पाहिलं.

"बाबा," ती म्हणाली, "तुमी मले लय आवडत होते."